ट्रिगरचं नाव कोण वाचतं?

३१ मार्चची रात्र होती. एका पतसंस्थेच्या शाखेतून फोन आला. "सर, कर्जाचा हप्ता जमाच होईना. स्क्रीनवर लाल अक्षरांत काहीतरी आलंय, वाचून दाखवू का?" ताईंनी एकेक अक्षर वाचलं. ओआरए-०४०८८ (ओआरए म्हणजे ओरॅकल, आमचा डेटाबेस), ट्रिगर चालताना चूक, आणि शेवटी त्या ट्रिगरचं नाव: टीआरजी_हप्ता_२.

हप्त्यांच्या टेबलावर आमच्या टीमचे तीन ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारी कामं) होते आणि त्यांची नावं होती टीआरजी_हप्ता_१, टीआरजी_हप्ता_२, टीआरजी_हप्ता_३. यातला दुसरा कधी चालतो? नोंद आत जाण्याआधी की गेल्यावर? नव्या नोंदीवर की दुरुस्तीवर? नावावरून काहीच कळेना. तिन्ही उघडले, वाचले, कोण कुणाच्या आधी चालतो ते कागदावर मांडलं. दुरुस्ती दोन ओळींची निघाली, पण ती सापडेपर्यंत पाऊण तास गेला. तिकडे शाखेतली माणसं वर्षअखेरीचा हिशेब अर्धवट टाकून बसली होती.

डेटाबेसमधल्या वस्तूंना नाव कसं द्यावं यावर प्रत्येक टीमचा एक कागद असतो. त्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की ट्रिगरच्या नावापुढे टीआरजी लावा, पॅकेजपुढे पीकेजी लावा, प्रोसीजरपुढे पीआरसी लावा. आमच्याकडेही तो कागद होता आणि आमची तिन्ही नावं त्याप्रमाणे बिनचूक होती. त्या रात्री मात्र त्यांचा कवडीचा उपयोग झाला नाही. म्हणून नाव ठेवण्याआधी मी आता एक प्रश्न विचारतो: हे नाव कोण वाचणार आहे, आणि कोणत्या वेळी? ट्रिगर, पॅकेज आणि प्रोसीजर या तिघांसाठी त्याचं उत्तर वेगवेगळं येतं. त्यामुळे नावाचा नियमही तिघांना एकच लावून चालत नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. लेखात कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. कामात ती रोमन अक्षरांतच टाइप होतात.

या तीन गोष्टी म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. प्रोसीजर म्हणजे डेटाबेसच्या आत लिहून ठेवलेलं एक काम. त्याला हाक मारली की ते चालतं. हप्ता जमा करणं, व्याज लावणं, खातं बंद करणं, अशी ही कामं. पॅकेज म्हणजे एका विषयाची अशी कामं एकत्र ठेवलेलं कपाट. ओरॅकलमध्ये त्याचे दोन भाग असतात. स्पेक म्हणजे कपाटाच्या दारावरची यादी, जी बाहेरच्यांना दिसते. बॉडी म्हणजे आतला प्रत्यक्ष माल. आणि ट्रिगर म्हणजे असं काम, ज्याला कुणीच हाक मारत नाही. टेबलात नोंद घातली, बदलली किंवा काढली की डेटाबेस ते आपणहून चालवतो. १९९२ साली आलेल्या ओरॅकल ७ पासून या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. म्हणजे काही ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ठेवलेली नावं आजही रोज चालतायत.

ट्रिगर: ज्याला कुणी हाक मारत नाही

प्रोसीजरचं नाव कोडमध्ये पन्नास ठिकाणी येतं. ट्रिगरचं नाव कोडमध्ये कुठेच येत नाही. ते दोनच वेळा वाचलं जातं. एकदा काहीतरी बिघडल्यावर, चूक सांगणाऱ्या संदेशात. आणि एकदा "हा कॉलम आपोआप कोण बदलतंय?" असं शोधताना, ट्रिगरच्या यादीत. दोन्ही वेळा वाचणारा घाईत असतो, आणि बऱ्याचदा तो ट्रिगर त्याने लिहिलेला नसतो. अशा माणसाला हवी असते ती माहिती म्हणजे टेबल कोणतं, वेळ कोणती, घटना कोणती आणि काम काय. "मी ट्रिगर आहे" हे नावात सांगायची गरजच नाही, कारण ते चूक सांगणाऱ्या संदेशातच लिहिलेलं असतं.

म्हणून मी आधी टेबलाचं नाव लिहितो, मग वेळेची आणि घटनेची अक्षरं, मग काम. बिफोरसाठी बी, आफ्टरसाठी ए. इन्सर्टसाठी आय, अपडेटसाठी यू, डिलीटसाठी डी. टेबलातल्या प्रत्येक ओळीमागे (नोंदीमागे) चालत असेल तर शेवटी आर, अख्ख्या वाक्यामागे, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एका आज्ञेमागे, एकदाच चालत असेल तर एस. मग हप्ते_एयूआर_लॉग हे नाव न उघडताच सांगतं: हप्ते टेबल, दुरुस्ती झाल्यानंतर, प्रत्येक ओळीमागे, बदलाची नोंद ठेवतो. टेबलाचं नाव पुढे ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. यादी अक्षरानुक्रमे लावली की एका टेबलाचे सगळे ट्रिगर एकाखाली एक येतात. टीआरजी पुढे लावलं की प्रत्येक नावाची पहिली चार अक्षरं सारखीच होतात, आणि डोळ्याला पकडायला काही उरत नाही. २००७ साली ओरॅकल ११जी मध्ये कंपाउंड ट्रिगर आला, ज्यात वेगवेगळ्या वेळांचं काम एकाच ट्रिगरमध्ये लिहिता येतं. तिथे बी आणि ए लिहिण्यात अर्थ नाही; मी नुसतं सी लिहितो.

ट्रिगरचं नाव किती अनन्य असावं लागतं, हे प्रत्येक डेटाबेसमध्ये निराळं आहे. ओरॅकलमध्ये आणि मायएसक्यूएलमध्ये एका स्कीमात (म्हणजे डेटाबेसमधल्या वस्तू ठेवायच्या एका कप्प्यात) एका नावाचा एकच ट्रिगर चालतो, म्हणून नावात टेबल असणं सोयीचं. पोस्टग्रेसमध्ये ते नाव फक्त त्या टेबलापुरतं वेगळं असलं की पुरे. तिथे दहा टेबलांवर बदल_नोंद नावाचे दहा ट्रिगर सुखाने नांदतात, आणि टेबलाचं नाव पुन्हा लिहिणं म्हणजे नुसती लांबण.

पण पोस्टग्रेसमध्ये याहून मोठी एक गोष्ट आहे, आणि ती अनुभवी लोकांनाही माहीत नसते. एकाच टेबलावर, एकाच घटनेला, एकाच वेळी चालणारे दोन ट्रिगर असतील, तर पोस्टग्रेस ते नावाच्या अक्षरक्रमाने चालवतो. म्हणजे नाव इथे नुसती पाटी नाही, ते चालण्याचा क्रम ठरवतं. समजा, एक ट्रिगर हप्त्याची रक्कम पूर्ण रुपयांत आणतो आणि दुसरा त्या रकमेवर दंड काढतो. कुणी "नाव जरा नीट करूया" म्हणून पहिल्याचं नाव बदललं आणि ते अक्षरक्रमात दुसऱ्याच्या मागे गेलं, तर दंड न छाटलेल्या रकमेवर निघेल. कोडची एकही ओळ बदललेली नसेल, चूक म्हणून काही दिसणार नाही, फक्त पैसे चुकतील. म्हणून पोस्टग्रेसमध्ये क्रमाला महत्त्व असेल तिथे मी वेळेच्या अक्षरांनंतर लगेच आकडा घालतो, दोनअंकी आणि मध्ये जागा सोडून: १०, २०, ३०. उद्या मध्येच एखादा ट्रिगर आला तर १५ रिकामा असतो. दोनअंकी अशासाठी की ही तुलना अक्षरांची आहे. १० हा ९ च्या आधी येतो.

बाकीच्यांची रीत वेगळी. ओरॅकलमध्ये क्रमाची हमीच नव्हती. ११जी पासून फॉलोज हा शब्द लिहून "हा त्याच्यानंतर चालव" असं स्पष्ट सांगता येतं. मायएसक्यूएल, ५.७ पासून एकाच प्रकारचे अनेक ट्रिगर चालू देतो आणि काही सांगितलं नाही तर ते बनवलेल्या क्रमाने चालवतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पहिला कोण आणि शेवटचा कोण एवढंच ठरवता येतं.

पॅकेज आणि प्रोसीजर: दोघांचं नाव मिळून एक वाक्य

पॅकेजमधल्या प्रोसीजरला हाक मारताना आधी पॅकेजचं नाव, मग टिंब, मग प्रोसीजरचं नाव लिहावं लागतं. म्हणजे ही दोन नावं कायम जोडीनेच वाचली जातात. ती तशी ठेवायला हवीत. पीकेजी_कर्ज.पीआरसी_कर्ज_हप्ता_जमा हे मोठ्याने वाचून पाहा. कर्ज दोनदा आलं, आणि पीकेजी, पीआरसी हे तर मधल्या टिंबावरून कळतच होतं. त्यापेक्षा कर्ज.हप्ता_जमा_करा हे सरळ आज्ञेसारखं वाचता येतं. पॅकेजला विषयाचं नाव, प्रोसीजरला कामाचं क्रियापद. काही परत देणारं फंक्शन असेल तर जे मिळणार तेच त्याचं नाव: कर्ज.थकबाकी, कर्ज.पुढील_हप्ता_तारीख. ओरॅकलने स्वतःबरोबर दिलेली पॅकेजेसही अशीच आहेत. डीबीएमएस_आउटपुट.पुट_लाइन यात पॅकेज विषय सांगतं आणि प्रोसीजर काम.

मग पीकेजी हा उपसर्ग लोकांनी उगाच आणला का? नाही. ओरॅकलमध्ये टेबल, व्ह्यू, सीक्वेन्स, पॅकेज आणि सुटी (कुठल्याही पॅकेजमध्ये नसलेली) प्रोसीजर यांची नावं एकाच नेमस्पेसमध्ये असतात, म्हणजे एक नाव त्यांच्यापैकी एकालाच देता येतं. कर्ज नावाचं टेबल असेल तर कर्ज नावाचं पॅकेज बनत नाही; ओआरए-००९५५ येतो, हे नाव आधीच वापरात आहे. ट्रिगरची नेमस्पेस मात्र वेगळी आहे, टेबलाचंच नाव ट्रिगरला दिलं तरी ओरॅकल हरकत घेत नाही. म्हणजे अडचण पॅकेजला होती, आणि तिच्यावरचा उपाय ट्रिगरलाही चिकटवला गेला. मी टेबलांना अनेकवचन ठेवतो, कर्जे आणि हप्ते, म्हणजे एकवचन पॅकेजसाठी मोकळं राहतं. ठेव आणि ठेवी हेही असंच जमतं. जिथे एकवचन-अनेकवचन सारखंच असतं तिथे पॅकेजच्या शेवटी काहीतरी जोडावं लागतं. त्यात काही वाईट नाही, फक्त ते शेवटी असावं.

एक सापळा मात्र जपून टाळा. स्कीमाचं आणि पॅकेजचं नाव एकच ठेवू नका. पतसंस्था नावाच्या स्कीमात पतसंस्था नावाचं पॅकेज बनवलं, आणि त्याच स्कीमातली एक सुटी प्रोसीजर पतसंस्था.दिवस_बंद_करा अशी बोलावली, तर ओरॅकल पतसंस्था म्हणजे पॅकेज समजतो, त्याच्यात दिवस_बंद_करा शोधतो आणि न मिळाल्यावर पीएलएस-००३०२ देऊन थांबतो. स्कीमाकडे परत वळून पाहत नाही. एरवी नीट चालणारं कोड, केवळ नव्या पॅकेजला एक नाव दिल्यामुळे मोडतं.

आणि कॉमन किंवा युटिल नावाचं पॅकेज. हे प्रत्येक प्रकल्पात असतं आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. नावात विषय नसल्यामुळे कुठलीही प्रोसीजर त्यात बसते, आणि कुठलीही बसते म्हणून सगळ्याच जातात. मग अख्खी प्रणाली त्या एका स्पेकवर अवलंबून होते. तारखेचं एक नवं फंक्शन घालायला स्पेक बदलला की त्यावर टेकलेली कितीतरी पॅकेजेस इनव्हॅलिड (पुन्हा कंपाइल होईपर्यंत अवैध) होऊ शकतात, आणि चालू असलेल्या सेशनमध्ये ओआरए-०४०६८, म्हणजे पॅकेजची आधीची अवस्था पुसली गेल्याची चूक, येऊ शकतो. शिवाय जुन्या आवृत्त्यांत चूक कुठे झाली ते सांगताना ओरॅकल पॅकेजचं नाव आणि ओळीचा क्रमांक देतो, आतल्या प्रोसीजरचं नाव देत नाही. "युटिल, ओळ ४२१७" यातून कुणाला काय समजणार? "व्याज, ओळ ८८" वाचलं की निदान कुठे बघायचं ते कळतं.

क्रियापदांबद्दल एवढंच, की प्रोसेस आणि हँडल ही क्रियापदं नाहीत असं समजा. हप्ता_प्रोसेस म्हणजे जमा केला, रद्द केला की पुढे ढकलला?

क्रियापद आधी की नाम आधी, यावर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण इथे आपली भाषा उपयोगी पडते. इंग्रजीच्या सवयीने आपण क्रियापद पुढे लिहितो: अ‍ॅड, गेट, अपडेट. मग यादीत सगळे अ‍ॅड एकत्र आणि सगळे गेट एकत्र येतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं, हप्ता जमा करा, हप्ता रद्द करा. त्या क्रमाने नावं ठेवली तर हप्त्याची सगळी कामं यादीत आपोआप शेजारी येतात. पॅकेज मोठं असेल तर हे फार सोयीचं ठरतं. पॅकेज लहान असेल तर दोन्ही चालतं, फक्त एका पॅकेजमध्ये एकच रीत ठेवा.

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना आणखी एक दुखणं येतं, ते म्हणजे स्पेलिंग. ‘थकबाकी’ लिहिताना थ आणि क यांच्यामध्ये ए हे अक्षर लिहायचं हे सगळ्यांना मान्य असतं. क नंतर लिहायचं का, यावर दोघांचे तीन प्रकार होतात. ‘खाते’मधला आ एका ए ने लिहायचा की दोन? ‘हप्ता’ पी ने की एफ ने? मी एकाच डेटाबेसमध्ये ‘ठेव’ तीन स्पेलिंगांनी लिहिलेली पाहिली आहे. कोड शोधताना एकच स्पेलिंग टाइप केलं की बाकीच्या दोन ठिकाणच्या चुका तशाच राहतात. म्हणून नियमांच्या कागदापेक्षा शब्दांची एक छोटी वही जास्त कामाची: चाळीस-पन्नास शब्द, प्रत्येकाचं एकच स्पेलिंग.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रोसीजरच्या नावाची सुरुवात एसपी_ ने करू नका. ती स्टोअर्ड प्रोसीजरची आद्याक्षरं वाटतात, पण ती खूण सिस्टिमच्या प्रोसीजरसाठी राखलेली आहे. अशा नावाची प्रोसीजर सर्व्हर आधी मास्टर डेटाबेसमध्ये शोधतो. तिथे त्याच नावाची सिस्टिमची प्रोसीजर असेल तर तीच चालते, तुमची कधीच नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच हा उपसर्ग टाळायला सांगते.

ज्या एका उपसर्गासाठी मी भांडतो

आतापर्यंत मी उपसर्गांविरुद्धच बोललो. पण एक उपसर्ग मी कुणालाही वगळू देत नाही. प्रोसीजरला बाहेरून मिळणाऱ्या माहितीपुढे, म्हणजे पॅरामीटरपुढे, पी_ लावायचा.

खातं बंद करणारी प्रोसीजर आहे असं समजा. तिला खाते क्रमांक मिळतो आणि ती त्या खात्याचे हप्ते टेबलातून काढते. पॅरामीटरचं नाव ठेवलं खाते_क्र. टेबलातल्या कॉलमचं नावही खाते_क्र. आत वाक्य लिहिलं: हप्ते टेबलातून काढा, जिथे खाते_क्र = खाते_क्र. लिहिणाऱ्याच्या मनात डावीकडचा कॉलम आहे आणि उजवीकडचा पॅरामीटर. ओरॅकलचा नियम मात्र असा आहे की एसक्यूएल वाक्याच्या आत कॉलमचं नाव आणि व्हेरिएबलचं नाव सारखं असेल तर कॉलम जिंकतो. दोन्ही बाजूंना कॉलमच. प्रत्येक ओळीचा खाते क्रमांक त्याच ओळीच्या खाते क्रमांकाशी जुळतो, आणि टेबल रिकामं होतं. वाचतात त्या फक्त खाते_क्र नल (म्हणजे रिकामा) असलेल्या ओळी, कारण नल हा नलशीही जुळत नाही. कंपायलर काही म्हणत नाही. एकाच खात्याच्या नमुना माहितीवर चाचणी घेतली तर ती उत्तीर्णही होते.

पी_खाते_क्र लिहिलं की हा अपघात होऊच शकत नाही, अर्थात टेबलातल्या कॉलमना कुणी पी_ लावलेलं नसेल तर. आतल्या व्हेरिएबलना एल_ किंवा व्ही_ लावा, कोणतंही एक. उपसर्ग आवडत नसेल तर खाते_बंद_करा.खाते_क्र असं प्रोसीजरच्या नावासकट लिहूनही अर्थ स्पष्ट करता येतो. पोस्टग्रेसच्या पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये ९.० आवृत्तीपासून अशी सारखी नावं आली की ते वाक्य चालायच्या आधीच संदिग्धतेची चूक येते. माझ्या मते योग्य वागणूक तीच.

लांबीबद्दल. ओरॅकलमध्ये नावाची मर्यादा अनेक वर्षं ३० बाइट होती. जुन्या प्रणालींमधली ती गिचमिड संक्षिप्त नावं त्यातूनच आली. लिहिणारे आळशी नव्हते, त्यांना जागाच नव्हती. १२.२ पासून, कंपॅटिबल सेटिंगही तेवढं वर असेल तर, मर्यादा १२८ बाइट झाली. पोस्टग्रेसमध्ये ६३ बाइट, मायएसक्यूएलमध्ये ६४ अक्षरं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२८ अक्षरं. पोस्टग्रेस लांब नाव नाकारत नाही, एक सूचना दाखवून ते कापतो, म्हणून दोन लांब नावांचे पहिले ६३ बाइट सारखे असतील तर ती एकच होऊन बसतात.

बाइट आणि अक्षर यांतला फरक आपल्याला जास्त भोवतो. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक वेगळी चिन्हं आहेत. ‘विद्यार्थी’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे बरोबर ३० बाइट. जुन्या ओरॅकलची अख्खी मर्यादा एका शब्दात संपली असती. पोस्टग्रेस देवनागरी नावं अवतरणचिन्हांशिवाय घेतो, पण तिथेही २१ चिन्हंच मिळतात.

शेवटी, आधीच बिघडलेल्या नावांचं काय करायचं? सगळी एका झटक्यात बदलू नका. ओरॅकलमध्ये ट्रिगरचं नाव अल्टर ट्रिगरने बदलता येतं, आणि त्याला कुणी हाक मारत नसल्यामुळे ते बहुधा निर्धोक असतं. सुरुवात तिथूनच करा. प्रोसीजर आणि पॅकेज मात्र नव्या नावाने पुन्हा बनवावी लागतात, आणि जुनं काढलं की त्यावर दिलेले ग्रँटही (वापराच्या परवानग्या) जातात. नवं बनवा, जुन्या नावाखाली फक्त नव्याला हाक मारणारी एक ओळ ठेवा, आणि वापर थांबल्यावर ते काढा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव बदलण्याची सोय आहे, पण ती आत साठवलेल्या मूळ मजकुरातलं नाव बदलत नाही. पुढे तो मजकूर काढून चालवणारा गोंधळतो. तिथेही काढून पुन्हा बनवणंच बरं. नियम मोडणारी नावं शोधायला लाइक (नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणारा एसक्यूएलमधला शब्द) वापराल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की त्यात अंडरस्कोअर म्हणजे "कोणतंही एक अक्षर". खरा अंडरस्कोअर शोधायचा तर एस्केप लिहावं लागतं.

त्या पतसंस्थेत आम्ही एप्रिलमध्ये तिन्ही ट्रिगरना नवी नावं दिली. पहिला झाला हप्ते_बीआययूआर_रक्कम_तपास. दुसरा, त्या रात्रीचा, हप्ते_एआययूआर_शिल्लक. तिसऱ्याला नाव देण्यासाठी तो नेमकं काय करतो ते वाचायला घेतलं, तर त्याचंही नाव हप्ते_एआययूआर_शिल्लक असंच होत होतं. दोघे एकाच टेबलातली शिल्लक, एकाच वेळी, वेगवेगळ्या सूत्राने लिहीत होते. तिसरा आम्ही काढून टाकला.